जुना लोखंडी टोप: रंग खरवडण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

दसरा जवळ आला की माझ्या फोनवर टोपांचे फोटो यायला लागतात. टोप म्हणजे सैनिकाचा लोखंडी टोप. मुंबईकरांनी भाताचं पातेलं समजू नये. कुणी माळ्यावरून आजोबांचा काढलेला असतो, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला. फोटोखालचा प्रश्न ठरलेला: "यावरचा रंग कशानं निघेल?" मी उत्तर लिहीपर्यंत दुसरा फोटो येतो. रंग काढून झालेला असतो आणि टोप स्टीलच्या डब्यासारखा लखलखत असतो. मग सांगण्यासारखं फार उरत नाही.

हा लेख त्या दोन फोटोंच्या मधल्या वेळासाठी आहे. रंग कशानं काढायचा हे अगदी शेवटी. आधी टोपात झालेला प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला आणि कशासाठी केला, हे शोधायचं. ते कळलं की टोप पूर्ववत करायचा की आहे तसा जपायचा, हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

आपल्याकडच्या घरांत सापडतात ते मुख्यतः ब्रिटिश घडणीचे, पालथ्या परातीसारखे टोप: पहिल्या महायुद्धातला ब्रॉडी (लष्करी नाव मार्क एक) आणि दुसऱ्यातला मार्क दोन. म्हणून उदाहरणं त्यांचीच घेतली आहेत. पायऱ्यांचा क्रम मात्र जर्मन, फ्रेंच, अमेरिकन कुठल्याही टोपाला चालेल.

## पायरी १: दोन दिवस फक्त तयारी

टोप मिळाल्या दिवशी त्याला पाणी, तेल, फडकं काहीही लावायचं नाही. एवढं जमवा: नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क, अर्धा इंची मऊ ब्रश, दहापट दाखवणारं भिंग, सुताला बांधलेलं छोटं लोहचुंबक, अतिनील टॉर्च, पांढरे जाड कागद, झिपच्या पिशव्या आणि एक वही.

हातमोजे शोभेसाठी नाहीत. घामातलं मीठ उघड्या पोलादावर बसलं की काही आठवड्यांत तिथं बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज उमटतो. माझ्या एका टोपावर माझ्याच अंगठ्याचा ठसा आहे, आता तो कायमचा.

धोका. ब्रॉडीच्या अस्तरात, विशेषतः माथ्यावरच्या गादीत, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये तपासणीत ते आढळल्यावर २०१४ साली तिथल्या शिक्षण खात्यानं शाळांना असे टोप मुलांच्या हाती देऊ नका म्हणून कळवलं होतं. तेव्हा टोप डोक्यावर घालून सेल्फी नको, फाटक्या अस्तरात बोट घालून पाहणं नको आणि आत ब्रश किंवा व्हॅक्यूम तर अजिबात नको. अस्तराचा भुगा होत असेल तर टोप झिपच्या पिशवीत बंद करा आणि पुढचं काम जाणकारावर सोपवा. जुन्या रंगात शिसंही असतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर कधीच मारायचा नाही.

फोटो काढा. चारही बाजू, माथा, आतली बाजू, पट्ट्याच्या दोन्ही कड्या आणि दिसेल तो प्रत्येक शिक्का. शेजारी मोजपट्टी ठेवा. खिडकीतून तिरपा उजेड पडेल असा टोप धरलात तर रंगाखाली दबलेली अक्षरं, ब्रशचे फराटे, बुजवलेली भोकं वर येतात. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये हे सगळं सपाट होऊन जातं.

याच दोन दिवसांत घरातल्यांशी बोलून घ्या. अनुभवानं सांगतो, टोपाची पराक्रमगाथा घरातले पुरुष सांगतात, पण त्यावर चंदेरी रंग कुठल्या वर्षीच्या गणपतीच्या देखाव्यासाठी लागला, हे आजी किंवा आत्याच सांगते. तिला विचारा, आणि ऐकलेलं तिच्याच शब्दांत वहीत उतरवा.

तपासणी. फोटो दुसऱ्या जागी साठवले? वहीत तारीख घातली? मग पुढं.

## पायरी २: टोप नेमका कोणता?

जॉन ब्रॉडी यानं १९१५ साली या घडणीचं पेटंट घेतलं. अगदी सुरुवातीच्या टोपांची कड उघडी, धारदार होती. १९१६ पासून कडेला दुमडलेली पोलादी पट्टी आली. कवच हॅडफील्डच्या मँगनीज पोलादाचं, म्हणजे सुमारे १२ टक्के मँगनीज असलेलं. या पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही आणि पहिली चाचणी यावरच उभी आहे.

सुताला बांधलेलं चुंबक कवचाजवळ न्या. ओढ नसेल किंवा अगदी पुसट असेल, तर कवच मँगनीज पोलादाचं असण्याची शक्यता मोठी. टक्कन चिकटलं तर साधं पोलाद: बहुधा नागरी संरक्षणासाठी केलेला हलक्या दर्जाचा टोप, नाहीतर अलीकडची नक्कल. मग कडेची पट्टी तपासा. पहिल्या महायुद्धातल्या पट्टीला चुंबक सहसा चिकटतं. मार्क दोनची पट्टी सहसा स्टेनलेस असते, तिला चिकटत नाही.

आता शिक्के शोधा. कडेच्या आतल्या बाजूला, पट्ट्याच्या कडीपासून थोड्या अंतरावर ते असतात. पहिल्या महायुद्धातल्या कवचावर पोलाद पुरवणाऱ्याची अक्षरं आणि आकडा: एचएस म्हणजे हॅडफील्ड, एफएस म्हणजे फर्थ, दोघंही शेफील्डचे. मार्क दोनवर बनवणाऱ्याची अक्षरं आणि साल: बीएमबी, जेएसएस, आरओ अँड कंपनी वगैरे. कडीवर वेगळा शिक्का आणि वेगळं साल असू शकतं, अस्तरावर तिसरंच. कवच १९३९ चं आणि अस्तर १९४१ चं निघालं तर घाबरू नका. अस्तर फाटलं की डेपोत नवं बसवून टोप पुढच्या माणसाला दिला जाई.

नेहमीची चूक. कडेजवळ ओळीत दोन, तीन किंवा चार बारीक गोल भोकं दिसली की लोक ती एम-सीलनं बुजवतात. ती मुद्दाम पाडलेली असतात. गोळी-तुकड्यांच्या चाचणीत कमी उतरलेलं कवच आघाडीवर जाऊ नये म्हणून केलेली ती खूण आहे. बुजवलीत, तर टोपाची जन्मपत्रिकाच पुसलीत.

याच पायरीवर सर्वांत जास्त फसवणारा प्रकार भेटतो: मार्क एक तारांकित. कवच पहिल्या महायुद्धाचं, अस्तर आणि ताणता येणारा पट्टा मात्र मार्क दोनच्या धर्तीचा. दुसरं महायुद्ध तोंडावर आलं तेव्हा कोठारातल्या जुन्या कवचांना नवं अस्तर घालून ती पुन्हा कामाला लावली गेली. ऑनलाइन बघून लोकांना वाटतं, "कुणीतरी चुकीचं अस्तर बसवलंय." मग ते काढून चामड्याच्या पट्ट्याची नक्कल बसवतात. हातात दोन्ही महायुद्धं पाहिलेला टोप होता, तो आता धड एकाचाही राहत नाही.

कायद्याचंही इथंच बघून घ्या. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९१७ चा टोप आता त्या वयात आहे. अमेरिकेतल्या नातवाला पणजोबांचा टोप सामानात टाकून देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू आहे की नाही, याचा दाखला घ्यावा लागेल.

## पायरी ३: प्रत्येक बदलाची कुंडली मांडा

वहीत तीन रकाने पाडा: काय बदललं, कुणी आणि कधी, पुरावा काय. तिसरा रकाना रिकामा राहिला तर दुसऱ्यात "माहीत नाही" लिहायचं. अंदाज लिहायचा मोह होतो, पण चार महिन्यांनी आपलाच अंदाज आपल्याला खरा वाटायला लागतो.

बदल साधारण चार हातांनी झालेले असतात.

*सरकारी हात.* तारांकित टोप याच जातीचा. हिरव्या-खाकीवर वाळवंटी रंग, युनिटची खूण, डेपोत बदललेला पट्टा हे त्यातच. जर्मन टोपांत याचं ठळक उदाहरण आहे: मार्च १९४० मध्ये टोपावरचं तिरंगी ढालीचं चिन्ह काढण्याचा हुकूम निघाला आणि ऑगस्ट १९४३ मध्ये उरलेली चिन्हंही गेली. म्हणून १९३५ च्या घडणीच्या कित्येक टोपांवर जुन्या चिन्हांवरून मारलेला दुसरा रंग असतो. तो रंग खरवडून चिन्ह "उघडं" करणारे आपण इतिहास बाहेर काढतोय असं समजतात. प्रत्यक्षात हुकूम पाळल्याचा पुरावा तासून टाकतात.

*वापरणाऱ्याचा हात.* आत रंगवलेला क्रमांक, कोरलेलं नाव, पट्ट्याला घातलेला दोरा, जाळी अडकवायला केलेली सोय. हे सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत आधी पुसलं जाणारं. याला हात लावायचा नाही. यावर चर्चाही नको.

*घरचा हात.* स्वातंत्र्यानंतरही या घडणीचे टोप वापरात राहिले, मग मोडीत निघून घरोघर गेले. तिथं त्यांची कुंडी झाली, पाखरांचं पाणी ठेवायचं भांडं झालं. गावाकडे तर मी चुन्याचं घमेलं झालेला मार्क दोन पाहिलाय, आणि घमेलं म्हणून तो उत्तम चालला होता.

*विकणाऱ्याचा हात.* नवी चिन्हं, खोटी नावं, ॲसिडनं आणलेला गंज, चहाच्या पाण्यात बुडवलेलं नवं कापड. इथं अतिनील टॉर्च कामाला येतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारला की आधुनिक शिलाईचा दोरा आणि कापड निळसर पांढरं चमकतं. एक सावधगिरी: पट्टा कुणी डिटर्जंटनं धुतला असेल तर अस्सल कापडही चमकतं. म्हणून "धुतलाय का?" हे पहिल्या पायरीत विचारून ठेवायचं.

तपासणी. एकाच टोपावर चारही हात फिरलेले असू शकतात. अशा वेळी टोपाची जात ठरवू नका, प्रत्येक बदलाची वेगवेगळी ठरवा.

## पायरी ४: रंगाचे थर वाचा

ही पायरी घाईत उरकणारे सगळ्यात जास्त नुकसान करतात, मीही केलंय. पंधराएक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका घरातून मार्क दोन माझ्याकडे आला. वर गडद हिरवा ऑइलपेंट, गेटला मारतात तसला. मुलानं सांगितलं, रंग वडिलांनी मारलाय, काढून टाका. मी बाल्कनीत बसलो, आतल्या बाजूनं पेंट रिमूव्हर लावला, दहा मिनिटं थांबलो, फडक्यानं पुसलं. हिरवा रंग सायीसारखा निघाला. खालची खाकीही थोडी निघाली, पण ती निघते कधी कधी, म्हणून मी पुढं पुसत राहिलो. फडकं पिळायला उलटं केलं तर त्यावर पांढऱ्या रंगात तीन आकडे उलटे उमटलेले: ४, १, ७. टोपात बघितलं, तिथं काहीच नव्हतं. क्रमांकाचे आधीचे आकडे किती होते, नाव होतं का, पलटण होती का, कळायला आता मार्ग नाही. ते फडकं मी झिपच्या पिशवीत घालून टोपासोबत परत दिलं.

त्या दिवसापासून माझा क्रम असा आहे.

१. आधी नुसतं भिंग. रंग उडालेल्या टवक्याची कड बघा. जमिनीचे थर दिसावेत तसे रंगाचे थर दिसतात. वरून खाली लिहून काढा: चंदेरी, हिरवा, मळ, खाकी, पोलाद. दोन थरांमध्ये मळाची काळी रेघ असेल तर मधे बरीच वर्षं गेली आहेत. रेघ नसेल तर दोन्ही हात एकाच सुमारास बसलेत.

२. पोत बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या टोपांच्या रंगात चकाकी घालवण्यासाठी वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळत. हा खरखरीत थर खाली असेल, तर पुसण्याच्या कुठल्याही पद्धतीनं वरचा रंग खाचांत अडकणार. तो पूर्ण कधीच निघत नाही. सगळा काढायच्या हट्टानं खालचा खरखरीत थर जातो.

३. सगळ्यात खालचा रंग, म्हणजे प्राइमर, बघा. शेंदरी प्राइमर असेल तर तो शिशाचा समजून चला. विटकरी रेड ऑक्साइड दिसला आणि त्यावर खाकी असेल, तर ती खाकी नंतरच्या वर्कशॉपमधली असू शकते.

४. मगच चाचणी. आतल्या कडेला, शिक्क्यांपासून लांब, आगकाडीच्या गुलाएवढ्या जागेत. कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिळा, फिरवा, लगेच कोरडी करा. काडीवर काय आलं ते बघा. काहीच नाही आलं तर दुसऱ्या जागी व्हाइट स्पिरिट. थिनर आणि ॲसिटोन या टप्प्यावर नकोत. वापरलेली प्रत्येक काडी कागदावर चिकटवून शेजारी नोंद करा.

थांबा. काडीवर खाकी, पांढरा किंवा काळा रंग आला, तर त्या द्रावणाचं काम तिथंच संपलं. आतल्या बाजूला आकडे आणि नावं याच रंगांत असतात.

## पायरी ५: निर्णय

आता वही पुढ्यात घ्या. मी स्वतः फार काटेकोर नियम मानत नाही, पण एक गोष्ट ठाम आहे: सेवेत असताना झालेला बदल काढायचा नाही, दिसायला कितीही कुरूप असो. पांढरा रंग मारून हवाई हल्ल्याच्या सूचना देणाऱ्या वॉर्डनला दिलेला टोप पांढराच राहील. खाली अस्सल खाकी असली तरी.

घरच्या हाताचं त्रांगडं होतं. गणपतीच्या देखाव्यातला चंदेरी रंग काढायचा का? मी तीन गोष्टी बघतो. खाली काही शिल्लक आहे का? वरचा रंग खालच्याला इजा न करता सुटतो का? आणि रंग मारणारा माणूस घरातल्यांना महत्त्वाचा आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर "हो" आणि तिसऱ्याचं "नाही" असेल तरच रंग काढण्याचा विचार करायचा. साताऱ्याच्या त्या टोपावरचा हिरवा रंग वडिलांनी मारला होता. आज तो टोप आला असता तर मी आतूनही हिरवाच ठेवला असता.

खाली उघडं पोलाद असेल, म्हणजे आधीच कुणी तासून मग रंगवलं असेल, तर रंग काढून हाती काही लागत नाही. असा टोप जपा. कुंडीसाठी पाडलेलं भोक वेल्डिंगनं बुजवू नका. त्या उष्णतेत आसपासचा रंग जळतो, आणि भोक होतं हे भिंगाखाली दिसतंच.

विकणाऱ्याच्या खोट्या चिन्हाबद्दल मतं वेगळी आहेत. काढावं असं माझं मत, कारण ते पुढच्या माणसाला फसवत राहतं. पण आधी फोटो, मोजमाप, नोंद. आणि ते खोटं आहे याची खात्री एकट्याच्या डोळ्यांवर करायची नाही. किमान दोन जाणकारांना प्रत्यक्ष दाखवा, फोटोवरून नको.

किमतीचा विचार करणाऱ्यांसाठी एकच वाक्य: संग्राहक मळकट अस्सल टोपाला पैसे देतो, चकचकीत केलेल्याला घासाघीस करतो.

तपासणी. निर्णय वहीत लिहा, कारणासकट, आणि आठवडाभर झाकून ठेवा. आठवड्यानंतर कारण वाचून पटलं तरच पुढं.

## पायरी ६: जपायचं ठरलं तर

काम थोडं आहे, क्रम महत्त्वाचा. बाहेरची धूळ मऊ ब्रशनं कागदावर झाडा, मास्क घालून. कागदावर पडलेलं भिंगाखाली बघा. रंगाचे टवके दिसले तर ब्रश थांबवा.

मग गंज जिवंत आहे का ते बघा. गडद तपकिरी, घट्ट बसलेला गंज सहसा शांत असतो. नारिंगी, भुकटीसारखा सुटणारा गंज जिवंत. खात्री नसेल तर टोप पांढऱ्या कागदावर, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात दोन आठवडे ठेवा. नंतर कागदावर नव्यानं नारिंगी भुगा पडला असेल तर गंज चालू आहे. तो बांबूच्या टोकदार काडीनं, भिंगाखाली, कणाकणानं काढायचा. तारेचा ब्रश नाही.

उघड्या पोलादावर आणि पक्क्या रंगावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा) अगदी पातळ हात द्या. आधी आगकाडीच्या गुलाएवढी चाचणी, कारण मेणातलं द्रावणही काही रंग सोडवतं. अस्तर, पट्टा, कापड यांना मेण नको.

चामड्याला तेल नको. खोबरेल, जवस, एरंडेल काहीच नको. तेल पाजल्यावर चामडं आठवडाभर छान दिसतं, मग काळं पडतं, चिकट होतं, धूळ धरतं आणि शेजारच्या पितळी रिव्हेटवर हिरवा मेणचट थर चढवतं. चामड्याची लाल भुकटी होत असेल तर ते घरी सुधारत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही जतन केंद्रं आहेत, तिथं विचारा.

घरगुती उपाय, जे करायचे नाहीत. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोला, तांब्या-पितळेची पावडर, रांगोळी, विटेचा भुगा. गंज काळा करणारी रसायनं: एकदा लावली की परतीची वाट नाही. सगळ्यात वाईट म्हणजे संडास साफ करायचं ॲसिड. त्यातलं क्लोराइड पोलादाच्या खाचांत राहतं आणि प्रत्येक पावसाळ्यात गंज नव्यानं फुलतो.

## पायरी ७: पूर्ववत करायचं ठरलं तर

इथं नियम एकच: उद्या कुणी जाणकारानं उलटं करायचं ठरवलं तर त्याला करता आलं पाहिजे.

वरचा रंग काढायचा असेल तर सँडब्लास्टिंग, हीट गन, कॉस्टिक सोड्याचं भांडं यांतलं काहीही नाही. चाचणीत जे द्रावण वरच्या थरापुरतं चाललं तेच, कापसाच्या काडीनं, एका संध्याकाळी एक चौरस इंच. कंटाळा आला की उठायचं. बहुतेक नुकसान रात्री अकरानंतर, "एवढं संपवून टाकू" म्हणताना होतं. खरखरीत खाचांत वरचा रंग राहिला तर राहू द्या.

पोचा ठोकून काढू नका. मँगनीज पोलाद ठोकलं की त्याच जागी आणखी कठीण होतं आणि शेवटी तडकतं. शिवाय तो पोचा कशानं आला, हे तुम्हाला माहीत आहे का?

अस्तर नसेल आणि नक्कल बसवायची असेल, तर माथ्यावरच्या मूळ छिद्रातच, स्क्रूनं. मार्क एकचा मूळ रिव्हेट शिल्लक असेल तर तो ड्रिलनं उडवायचा नाही, टोप तसाच राहू द्या. मार्क दोनचा माथ्याचा स्क्रू जाम असेल तर आट्यांवर भेदक तेलाचा एकच थेंब टोकदार काडीनं सोडा आणि चोवीस तास थांबा. तेल अस्तरात झिरपू नये म्हणून खाली टिपकागद. नक्कलेच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईनं "नक्कल" आणि साल लिहायचं. हे लिहायला लोक का कचरतात ते मला ठाऊक आहे, म्हणूनच लिहा म्हणतोय.

गेलेला रंग भरायचा असेल तर फक्त उडालेल्या जागेत. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर पाण्याचा ॲक्रिलिक रंग. राळ ॲसिटोननं सुटते, त्यामुळे भरलेला रंग पुढं कधीही काढता येतो. पण शेजारचा जुना रंग ॲसिटोननं हलतो का, ते आधी आतल्या कडेला बघून घ्या; हलत असेल तर राळही नको. पूर्ण टोपावर स्प्रे मारायचा असेल तर त्यासाठी नवी नक्कल विकत मिळते, ती रंगवा.

## पायरी ८: पावसाळा आणि दसरा

कोकणात आणि मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. पोलाद आणि चामडं एकत्र असलेल्या टोपाला ४० ते ५० टक्के मानवते. एसी लागत नाही. हवाबंद डबा, आर्द्रतामापक आणि नारिंगी सिलिका जेल पुरतं. नारिंगीचा रंग हिरवट झाला की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर वाळवून पुन्हा वापरा. निळं जेल टाळा, त्यात कोबाल्टचं संयुग असतं. टोप खुंटीला पट्ट्यानं अडकवायचा नाही, सगळं वजन जुन्या शिलाईवर येतं. आतून आधार देणाऱ्या मऊ गादीवर ठेवा. डांबरगोळ्या अस्तराला टेकू देऊ नका.

दसऱ्याला टोप पूजेला मांडायचा तर जरूर मांडा. आमच्याकडे पाटावर स्वच्छ कापड, त्यावर टोप, आणि पुढं एक सुपारी. हळदकुंकू, अक्षता, पाण्याचा हात सगळं सुपारीला. झेंडूची माळ पाटाभोवती, टोपाला नाही. ओल्या फुलांचा रस रात्रभर पोलादावर राहिला की सकाळी त्या जागी डाग दिसतो. आजीला हे पटवायला पहिल्या वर्षी अर्धा तास लागला. आता तीच सगळ्यांना सांगते.

## शेवटचं काम: चिठ्ठी

जाड, आम्लमुक्त कागदावर पेन्सिलीनं चिठ्ठी लिहा आणि टोपासोबत पिशवीत ठेवा, चिकटवू नका. काय सापडलं, काय केलं, कशानं केलं, काय केलं नाही, आणि चूक झाली असेल तर तीही. साताऱ्याच्या टोपासोबत माझी चिठ्ठी आहे ती अशी:

"मार्क दोन. बाहेरचा हिरवा रंग घरच्यांनी मारलेला, तो तसाच ठेवला आहे. आतल्या डाव्या बाजूचा हिरवा रंग पेंट रिमूव्हरनं काढताना खालचा पांढरा क्रमांक माझ्या हातून पुसला गेला. शेवटचे तीन आकडे ४१७ असावेत. ते फडक्यावर उलटे उमटले आहेत. फडकं सोबत आहे, धुवू नये."